आजारीपणाची रजा आणि तिचे कागद : नियमांचा एक अन्वय

१. प्रश्नाचे स्वरूप

सरकारी कचेऱ्यांतून 'आजारीपणाची रजा' हा शब्दप्रयोग रोज कानी पडतो. परंतु केंद्र सरकारच्या सर्वसाधारण कर्मचाऱ्याचा रजालेखा उघडून पाहिला, तर त्या नावाचा रकाना त्यात आढळत नाही. तेथे अर्जित रजेचा रकाना आहे, अर्धवेतनी रजेचा आहे, परिवर्तित रजेची व अनर्जित रजेची नोंदही आहे. आजारीपणाची म्हणून वेगळी रजा मात्र नाही. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२, हे ज्या शब्दांत बोलतात ते शब्द 'वैद्यकीय प्रमाणपत्रावर दिलेली रजा' असे आहेत. नियमांच्या दृष्टीने आजार हा रजेचा प्रकार नसून रजा मागण्याचे एक कारण आहे, आणि त्या कारणाला प्रशासनाच्या दप्तरी अस्तित्व प्राप्त होते ते कागदामुळे.

हा भेद केवळ शाब्दिक वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. ज्वराने अंथरुणाला खिळलेला मनुष्य आजारी आहे हे त्याच्या घरच्यांना पाहताक्षणी कळते. कचेरीला ते कळण्याचा मार्ग कागदाखेरीज दुसरा नाही. तो कागद कोणी द्यावयाचा, कोणापुढे ठेवावयाचा, त्यात काय लिहावयाचे आणि काय लिहावयाचे नाही, ह्याविषयीचे नियम पुष्कळदा कर्मचाऱ्यांना जाचक वाटतात व अधिकाऱ्यांना अपुरे वाटतात. प्रस्तुत लेखात ह्या नियमांची रचना उलगडून दाखवावयाची आहे. तिच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे असे आमचे प्रतिपादन आहे. मनुष्य आजारी आहे काय, त्याला रजा द्यावयाची काय, आणि तो पुन्हा कामास योग्य झाला काय, असे तीन भिन्न प्रश्न येथे उपस्थित होतात. नियमांनी प्रत्येक प्रश्नास स्वतंत्र कागद व स्वतंत्र उत्तरदायी व्यक्ती नेमून दिली आहे. ह्या विषयातील बहुतेक तंटे एका प्रश्नाच्या कागदाकडून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागितल्यामुळे उद्भवतात.

विवेचनासाठी केंद्राचे १९७२ चे नियम आधारभूत धरले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१, लागू आहेत. मुंबई नागरी सेवा नियम, १९५९, ह्यांतील रजाविषयक भागाची जागा त्यांनी १५ ऑगस्ट १९८१ पासून घेतली. तपशिलात काही अंतर असले तरी दोन्ही नियमावल्यांचा सांगाडा समान आहे. कारण दोहोंची वंशपरंपरा १ जानेवारी १९२२ रोजी अमलात आलेल्या मूलभूत नियमांपर्यंत जाते. कर्तव्य बजावीत असताना झालेली इजा किंवा त्या कारणाने जडलेला आजार ह्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तिचा विचार येथे केलेला नाही.

२. रजा व हक्क

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे तत्त्व मूलभूत नियमांनी सांगितले आणि १९७२ च्या नियमांतील सातव्या नियमाने ते कायम ठेवले. लोकसेवेची निकड असेल तेव्हा कोणत्याही प्रकारची रजा नाकारण्याचा अथवा दिलेली रजा रद्द करण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्यास आहे. ह्या वाक्यापाशी थांबले तर कर्मचारी सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे असा ग्रह होईल. परंतु त्याच नियमात एक मर्यादाही घातलेली आहे. कर्मचाऱ्याच्या खाती जमा असलेल्या व त्याने मागितलेल्या रजेचा प्रकार अधिकाऱ्यास स्वतःच्या इच्छेने बदलता येत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्याची लेखी विनंती लागते. म्हणजे रजा नाकारता येईल. पण परिवर्तित रजा मागितली असता 'तुमच्या अर्जित रजेतून घ्या' असे फर्मावता येणार नाही.

येथे रजेच्या प्रकारांचा थोडक्यात परामर्श घेणे अवश्य आहे. अर्धवेतनी रजा ही दर वर्षी जानेवारी व जुलै ह्या दोन महिन्यांच्या पहिल्या तारखेस दहा दहा दिवस ह्या प्रमाणात आगाऊ जमा होते. ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेता येते, तशीच खाजगी कामासाठीही घेता येते. परिवर्तित रजा म्हणजे ह्याच अर्धवेतनी रजेचे पूर्ण वेतनाच्या रजेत केलेले रूपांतर होय. जमा असलेल्या अर्धवेतनी रजेच्या निम्म्यापर्यंत ती मिळू शकते, आणि जितके दिवस घेतली त्याच्या दुप्पट दिवस खात्यातून वजा होतात. काही ठरीव अपवाद वगळता हे रूपांतर वैद्यकीय प्रमाणपत्राखेरीज होत नाही. अनर्जित रजा ही पुढे मिळावयाच्या अर्धवेतनी रजेवर काढलेली उचल असते. प्रमाणपत्राच्या आधारे दिलेल्या अशा रजेची संपूर्ण सेवाकाळातील कमाल मर्यादा ३६० दिवस आहे. असाधारण रजा बिनपगारी असते. ज्यास आपण किरकोळ रजा म्हणतो ती नैमित्तिक रजा ह्या नियमांच्या कक्षेत रजा म्हणून गणलीच जात नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यास ती सर्वसाधारणपणे वर्षातून आठ दिवस मिळते.

एक लक्षणीय गोष्ट ह्यावरून निष्पन्न होते. ज्याच्या खाती भरपूर अर्जित रजा शिल्लक आहे तो आजारातही अर्जित रजाच मागू शकतो, आणि त्यासाठी प्रमाणपत्र ही पूर्वअट नाही. प्रमाणपत्राची खरी निकड भासते ती ज्याला परिवर्तित, अनर्जित किंवा असाधारण रजेचा आश्रय घ्यावा लागतो त्याला. म्हणजेच दीर्घकाळ आजारी असलेल्याला, आणि ज्याची शिल्लक अल्प आहे अशा नव्या कर्मचाऱ्याला. कागदाचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवे.

३. पहिला कागद : आजाराचे प्रमाणपत्र

रजेचा अर्ज नमुना १ मध्ये करावयाचा असतो. आजाराच्या कारणास्तव केलेल्या अर्जासोबत राजपत्रित कर्मचाऱ्याने नमुना ३ मधील व अराजपत्रित कर्मचाऱ्याने नमुना ४ मधील प्रमाणपत्र जोडावे, असे एकोणिसावा नियम सांगतो. प्रमाणपत्र कोणत्या वैद्यकाचे चालेल हे कर्मचाऱ्याच्या वर्गावर, तसेच तो केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा लाभार्थी आहे की नाही, ह्यावर अवलंबून असते.

नमुना ४ मधील मजकूर लहानसा आहे. पण त्यातील प्रत्येक शब्द हेतुपूर्वक योजलेला दिसतो. ज्याची सही वर आहे त्या कर्मचाऱ्याची आपण स्वतः काळजीपूर्वक तपासणी केली; त्यास अमुक आजार आहे; आणि प्रकृती पूर्ववत होण्यासाठी अमुक तारखेपासून अमुक काळ कामावरून दूर राहणे नितांत आवश्यक आहे, असे वैद्यक त्यात प्रमाणित करतो. कर्मचाऱ्याची सही आधी घ्यावी व मग नमुना भरावा, अशी टीप खाली दिलेली आहे. सहीचा हा क्रम निरर्थक नाही. रोगी समोर नसताना, निरोपावरून प्रमाणपत्र लिहिले जाऊ नये ह्यासाठी तो घातलेला आहे.

आजाराचे स्वरूप आणि त्याचा संभाव्य काळ ह्या दोन्ही गोष्टी शक्य तितक्या स्पष्टपणे नमूद करावयाच्या असतात. 'प्रकृती अस्वस्थ असल्यामुळे' एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र म्हणूनच अपुरे ठरते. दुसऱ्या बाजूने, वैद्यकाने काय लिहू नये हेही नमुन्यात सांगितले आहे. अमुक गावाहून बदली होणे प्रकृतीस आवश्यक आहे, किंवा अमुक गावी जाण्यास हा मनुष्य असमर्थ आहे, असा अभिप्राय त्याने आपण होऊन द्यावयाचा नाही. प्रशासनाने स्पष्टपणे विचारले तरच द्यावयाचा. बदलीचा हुकूम हाती पडताच आजारी पडणाऱ्यांचा अनुभव ह्या टिपेमागे असावा असे वाटते. तत्त्व मात्र त्याहून व्यापक आहे : वैद्यकाने शरीराविषयी बोलावे, नेमणुकीविषयी बोलू नये.

वैद्यकावरही त्याच्या व्यवसायाच्या नियमांची बंधने आहेत. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केलेल्या आचारविषयक विनियमांनुसार प्रत्येक नोंदणीकृत वैद्यकाने दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावयाची असते; प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवावयाची असते; आणि रोग्याची सही अथवा अंगठा, पत्ता व निदान एक ओळखीची खूण टिपून घ्यावयाची असते. खोटे प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव नोंदपटातून काढून टाकले जाऊ शकते. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आयोगाने २०२३ मध्ये नवे विनियम काढले; पण ते त्याच वर्षी स्थगित झाल्याने २००२ चेच लागू राहिले. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, प्रमाणपत्राच्या खरेपणाविषयी संशय आल्यास कचेरीला वैद्यकाच्या नोंदवहीशी ते ताडून पाहण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि कर्मचाऱ्यालाही आपली बाजू सिद्ध करण्यास तीच नोंद उपयोगी पडते.

अल्पकाळाच्या आजारासाठी एक सवलत आहे. एका वेळी तीन दिवसांपर्यंतच्या रजेसाठी प्रमाणपत्राची अट शिथिल करण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्यास दिलेला आहे. मात्र अशी रजा 'वैद्यकीय प्रमाणपत्रावरील रजा' समजली जात नाही; ती अन्य रजेतून वजा होते. म्हणजे कागद माफ होतो, त्याबरोबर कागदामुळे मिळणारा लाभही जातो.

४. दुसरा कागद : मंजुरीचा आदेश

वैद्यकीय प्रमाणपत्र हाती आले म्हणजे रजा मिळाली, अशी समजूत कर्मचाऱ्यांत सर्वत्र आढळते. नियमाने तिचे स्पष्ट शब्दांत निराकरण केले आहे. प्रमाणपत्रामुळे रजेचा कोणताही हक्क आपोआप प्राप्त होत नाही. ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवावे व त्याच्या आदेशाची वाट पाहावी, असे एकोणिसाव्या नियमाचा पाचवा पोटनियम सांगतो. नमुन्यातील आणखी एक टीप हेच निराळ्या रीतीने सांगते : खात्यात जी रजा अनुज्ञेयच नाही तिच्यावरील हक्काचा पुरावा म्हणून वैद्यकाच्या शिफारशीचा उपयोग होणार नाही.

ह्यात वैद्यकाचा अधिक्षेप नाही. मनुष्यास विषमज्वर झाला आहे व त्यास तीस दिवस विश्रांती हवी, हे वैद्यक सांगू शकतो. त्याच्या खाती किती रजा शिल्लक आहे, त्याने ह्यापूर्वी किती उचल घेतली आहे, हे त्यास ठाऊक नसते व ठाऊक असण्याचे कारणही नाही. उलट, रजालेखा अधिकाऱ्यापुढे असतो, पण रोग्याची नाडी त्याच्या हाती नसते. दोघांनी आपापल्या ज्ञानाच्या मर्यादेत निर्णय करावा, अशी ही योजना आहे.

मग अधिकाऱ्यास वैद्यकाच्या मताविषयीच शंका आली तर? नियमाने त्यास एकच योग्य मार्ग आखून दिला आहे, तो म्हणजे दुसऱ्या वैद्यकाचे मत. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यास अर्जदाराची तपासणी करण्याची विनंती त्यास करता येते. त्या वैद्यकाने आजार खरा आहे काय आणि शिफारस केलेली रजा तितकी आवश्यक आहे काय, ह्या दोन्ही मुद्द्यांवर मत द्यावयाचे असते. ही तपासणी 'शक्य तितक्या लवकरच्या तारखेस' व्हावी, हे नियमातील शब्द फार महत्त्वाचे आहेत. ज्वर उतरल्यावर दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत ज्वर सापडणार नाही. शंका असेल तर ती वेळीच उपस्थित करण्याची जबाबदारी कचेरीवर आहे. रजेच्या काळात स्तब्ध राहून, कर्मचारी परत आल्यावर 'आजार खरा वाटत नाही' असा शेरा मारणारा अधिकारी वैद्यकाच्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाविना देऊ पाहतो. तपासणीची संधी त्याने स्वतःच दवडलेली असते.

५. तिसरा कागद : योग्यतेचे प्रमाणपत्र

वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्या कर्मचाऱ्यास नमुना ५ मधील योग्यतेचे प्रमाणपत्र सादर केल्यावाचून कामावर रुजू होता येत नाही. हे प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकाने केवळ 'आता प्रकृती ठीक आहे' एवढेच सांगून भागत नाही. ज्या मूळ प्रमाणपत्रांच्या आधारे रजा मिळाली वा वाढली ती आपण पाहिली असून त्यांचा विचार करूनच हा निष्कर्ष काढला आहे, असेही त्यास नमूद करावे लागते. त्यासाठी मूळ प्रमाणपत्राच्या दोन प्रती कराव्या व त्यांतील एक कर्मचाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी, अशी सूचना नमुन्यातच आहे. ही साधी सूचना न पाळल्यामुळे, मूळ कागद कचेरीत अडकलेला आणि योग्यतेचे प्रमाणपत्र वैद्यकाकडे अडलेले, अशी कुचंबणा ओढवू शकते.

ह्या कागदावरील तारखेस विशेष महत्त्व आहे. बाविसाव्या नियमानुसार, योग्य ठरल्याच्या दिवसापासून पुढील लगतच्या सुट्या (तो दिवस धरून) रजेच्या शेवटी आपोआप जोडता येतात. परंतु त्या दिवसापूर्वीच्या सुट्या रजेचाच भाग समजल्या जातात. समजा, शनिवार व रविवार सुटीचे आहेत आणि कर्मचारी सोमवारी रुजू होणार आहे. योग्यतेचे प्रमाणपत्र शनिवारच्या तारखेचे असेल, तर दोन्ही दिवस सुटीतच राहतील. तेच सोमवारच्या तारखेचे असेल, तर दोन्ही दिवस रजेत मोजले जातील. रजा परिवर्तित असल्यास अर्धवेतनी रजेतून चार दिवस कमी होतील. प्रकृतीत काही फरक नाही, कामावर येण्याच्या दिवसातही फरक नाही. फरक पडला तो तारखेमुळे.

६. कागद नसल्याचे परिणाम

कागदाची किंमत त्याच्या अभावी अधिक स्पष्टपणे कळते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका केंद्रीय कार्यालयातील अराजपत्रित लिपिकाच्या खाती १२० दिवस अर्धवेतनी रजा शिल्लक आहे. त्यास विषमज्वर झाला. त्याने रीतसर प्रमाणपत्र देऊन ३० दिवसांची परिवर्तित रजा घेतली. खात्यातून ६० दिवस वजा होऊन ६० उरले. अशक्तपणा न गेल्यामुळे त्यास आणखी १४ दिवस विश्रांतीची गरज पडली. त्याने मुदतवाढीचा अर्ज व दुसरे प्रमाणपत्र वेळेवर पाठविले आणि ते मंजूर झाले, तर १४ दिवसांचे पूर्ण वेतन मिळेल, २८ दिवस वजा होतील व ३२ दिवस शिल्लक राहतील.

आता असे समजू की, गावी असल्यामुळे त्याने काहीच कळविले नाही आणि रजा वाढविली गेली नाही. अशा वेळी पंचविसावा नियम लागू होतो. त्या १४ दिवसांचे रजावेतन मिळत नाही. शिवाय ते दिवस जणू अर्धवेतनी रजाच होती असे मानून खात्यातून वजा केले जातात. अर्धवेतनी रजा खर्ची पडते, अर्धे वेतन मात्र पदरात पडत नाही. शिल्लक ४६ दिवसांची दिसेल खरी. पण ही बचत फसवी आहे. ह्याउपर, गैरहजेरी हेतुपुरस्सर ठरल्यास शिस्तभंगाच्या कारवाईस तोंड द्यावे लागते ते निराळेच.

असाधारण रजेच्या बाबतीत हा फरक अधिक दूरगामी असतो. दोन कर्मचारी प्रत्येकी तीन महिने बिनपगारी रजेवर आहेत असे मानू. दोघांनाही त्या काळात एक पैसाही मिळालेला नाही. एकाची रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर आहे, दुसऱ्याची तशी नाही. पहिल्याचे तीन महिने वार्षिक वेतनवाढीसाठी व निवृत्तिवेतनास पात्र सेवेसाठी मोजले जातात. दुसऱ्याचे, काही विशेष कारणे वगळता, मोजले जात नाहीत. तीन महिन्यांच्या वेळी अदृश्य असलेला हा फरक निवृत्तीच्या दिवशी दृष्टीस पडतो. कायम न झालेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत तर रजेची लांबीच कागदावर अवलंबून आहे. त्यास एका वेळी सर्वसाधारणपणे तीन महिने असाधारण रजा मिळते; एक वर्षाची अखंड सेवा झाली असल्यास प्रमाणपत्रावर सहा महिने; आणि क्षय, कुष्ठरोग, कर्करोग वा मानसिक आजार ह्यांवर विहित उपचार चालू असल्यास अठरा महिने.

गैरहजेरीविषयी न्यायालयांनी जे सांगितले आहे तेही येथे लक्षात घ्यावयास हवे. १९६६ साली निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या राजस्थानातील एका प्रकरणात, तुरुंगखात्यातील एका कर्मचाऱ्याने प्रकृतीच्या कारणावरून रजा वाढवून मागितली होती. मुदत संपल्यावर तो हजर झाला नाही. म्हणून जुन्या जोधपूर संस्थानच्या सेवानियमाच्या आधारे त्याने आपली नोकरी स्वतःच सोडली असे धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. असे करणे म्हणजे सेवेतून काढून टाकणेच होय, आणि संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून तसे करता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. पुढे २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पायरी गाठली. परवानगीविना गैरहजर असणे आणि हेतुपुरस्सर गैरहजर असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार, अपघात, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे अशा, मनुष्याच्या हाती नसलेल्या कारणांनी घडलेली गैरहजेरी हेतुपुरस्सर म्हणता येणार नाही. आणि हेतू चौकशीत सिद्ध झाला पाहिजे, असे त्या निर्णयाचे सार आहे.

ह्या निर्णयांमुळे कागदाची आवश्यकता संपली असे मात्र कोणी समजू नये. चौकशीत 'मी आजारी होतो' हे सांगणाऱ्याच्या हाती त्या त्या वेळचे प्रमाणपत्र असेल तर त्याचे म्हणणे उभे राहते. नंतर मिळविलेल्या कागदाचे वजन तितके पडत नाही. अधिकाऱ्याच्या संशयापोटी मागितला जाणारा कागद वेळप्रसंगी कर्मचाऱ्याची ढाल होतो, तो असा.

७. दोन अवघड स्थळे

आतापर्यंत सांगितलेल्या योजनेत वैद्यकाचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे व अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा आहे. एका क्षेत्रात मात्र हा क्रम उलटा झाला आहे. जुन्या दृष्टीने, जो कर्मचारी पुन्हा कधी कामास योग्य होण्याचा वाजवी संभव नाही त्याच्यासाठी वैद्यकाने रजेची शिफारस करावयाची नव्हती. तो कायमचा अयोग्य झाल्याचे मत नोंदवावयाचे होते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या मनुष्यास ह्याचा फार मोठा फटका बसत असे. १९९५ च्या व त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यांनी अशा कर्मचाऱ्यास सेवेतून दूर करण्यास मनाई केली. तो असलेल्या पदास योग्य न राहिल्यास त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे, ते नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे, असे कायदा सांगतो. त्यास अनुसरून रजेच्या नियमांतही बदल झाला. केंद्राच्या २०१५ च्या कार्यालयीन ज्ञापनाने, व पुढे २०१८ मधील दुरुस्तीने, अपंगत्वाच्या संबंधात वैद्यकीय प्रमाणपत्रावर मागितलेली रजा वैद्यकीय प्राधिकाऱ्यास विचारल्यावाचून नाकारता अथवा रद्द करता येणार नाही, आणि त्याचा सल्ला बंधनकारक राहील, असे ठरले. कर्मचारी स्वतः अर्ज करण्याच्या अवस्थेत नसेल तर कुटुंबीयाने केलेला अर्जही ग्राह्य धरला जातो. ज्याच्या बाबतीत रजा नाकारणे म्हणजे उपजीविका हिरावणे होय, त्याच्या बाबतीत वैद्यकाच्या शब्दास निर्णयाचे बळ देणे न्याय्य होते. ह्या अपवादाने मूळ तत्त्वाला बाध येत नाही. प्रश्न शरीराचा असेल तेथे शरीर जाणणाऱ्याचे ऐकावे, हेच तत्त्व येथे अधिक ठळक झाले आहे.

दुसरे स्थळ गोपनीयतेचे आहे. नियम आजाराचे स्वरूप स्पष्ट लिहावयास सांगतो. प्रमाणपत्र अर्जाबरोबर आवक विभागातून आस्थापना शाखेत व तेथून अधिकाऱ्याच्या मेजावर जाते. वाटेत ते अनेकांच्या नजरेखालून जाते. १९७२ मध्ये ह्यात कोणास वावगे वाटले नसेल. परंतु २०१७ हे वर्ष ह्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्याविषयीच्या कायद्याने मनोरुग्णास आपल्या आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क दिला, आणि एचआयव्ही व एड्स ह्यांसंबंधीच्या कायद्याने त्या बाधेची माहिती संमतीवाचून प्रकट करण्यावर निर्बंध घातले. आता कायम न झालेल्या त्या कर्मचाऱ्याचा विचार करा, ज्यास मानसिक आजारासाठी अठरा महिन्यांची रजा हवी आहे. ती मिळण्यास आजाराचे नाव सांगणे हीच अट आहे. लाभ घ्यावा तर मौन सोडावे लागते, मौन पाळावे तर लाभ सोडावा लागतो.

आमच्या मते ह्या पेचातून वाट काढण्यास नियम मोडण्याची गरज नाही. तीन प्रश्नांचा भेद पाळला की पुरे. आजार कोणता, हे जाणण्याची गरज मंजुरी देणाऱ्यास व आवश्यक तेथे दुसऱ्या वैद्यकास आहे. आस्थापना शाखेस रजेचा प्रकार, तारखा व दिवसांची संख्या एवढेच हवे असते. प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात सक्षम प्राधिकाऱ्याच्या नावे घ्यावे, आणि मंजुरीच्या आदेशात 'वैद्यकीय प्रमाणपत्रावर' ह्या शब्दांपलीकडे आजाराचा उल्लेख करू नये, एवढ्याने पुष्कळ साधेल. रजालेख्यात आजाराच्या नावाचा रकाना नाही, ही गोष्ट आरंभी नमूद केली होती. तो नसावा हेच इष्ट आहे.

८. उपसंहार

सारांश असा. आजाराचे प्रमाणपत्र वैद्यकाचे, मंजुरीचा आदेश अधिकाऱ्याचा, आणि योग्यतेचे प्रमाणपत्र पुन्हा वैद्यकाचे. ह्या तीन कागदांची साखळी अखंड ठेवण्याचे दायित्व कर्मचाऱ्याचे. प्रमाणपत्रालाच मंजुरी समजणारा कर्मचारी, रोगनिदान करू पाहणारा अधिकारी आणि बदलीविषयी मत देणारा वैद्यक, हे तिघेही आपापली मर्यादा ओलांडतात, आणि त्याची झळ बहुधा त्यांतील दुर्बळासच पोहोचते. लोकप्रशासनाच्या अभ्यासकास हे नमुने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु शासन आपल्या सेवकाच्या शब्दावर किती विश्वास ठेवते, आणि त्या विश्वासाची जागा कागदाने घेतली असता त्या सेवकास कोणते संरक्षण देते, हे मोठमोठ्या घोषणांपेक्षा ह्या लहान नमुन्यांतून अधिक प्रामाणिकपणे कळते. आजारी मनुष्याने कागद द्यावा ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र तो कागद घेणाऱ्याने त्यास नेमून दिलेल्या प्रश्नापलीकडे काहीही विचारू नये, हीही अपेक्षा तितकीच वाजवी आहे.